रेकॉर्डरने ऐकलेला राजीनामा

आमच्या ह्यांनी नोकरीचा राजीनामा कधी दिला नाही. सरकारी संशोधन संस्थेत तरुणपणी लागले ते निवृत्तीच्या दिवशी गळ्यात हार घालूनच फाटकाबाहेर आले. मराठी मंडळाच्या समितीचा राजीनामा मात्र त्यांनी इतक्या वेळा दिला की कुणाला त्याचं काही वाटेनासं झालं. वार्षिक सभेला निघताना मी चपला घालता घालता विचारायची, "आज द्यायचाय का?" ते म्हणायचे, "बघू, कसे बोलतात त्यावर." आणि सभा अर्ध्यावर आली की कशावरून तरी ठिणगी पडायची. गणपतीची मिरवणूक कुठल्या रस्त्याने न्यायची, मुलांच्या नाटकाला माइक हवा की नको, काहीही चालायचं. ह्यांचा चेहरा लाल व्हायचा, खुर्ची करकर करत मागे सरकायची आणि हे उभं राहून गरजायचे, "तुम्हाला एवढं सगळं कळतंय, तर घ्या माझा राजीनामा!"

आम्ही बेंगळुरात, येलहंक्यात राहायला आलो तेव्हा इथे मराठी घरं मोजकीच होती. कुणी ह्यांच्यासारखं संशोधनात, कुणी कारखान्यात, कुणी हवाई दलाच्या तळावर. आपली माणसं चार डोकी जमली की मंडळ काढतातच, तसं काढलं. मंडळाला स्वतःची जागा नव्हती, अजून नाही. एका शाळेचा वरचा हॉल सुटीच्या दिवशी मिळतो, तिथेच संक्रांतीचं हळदीकुंकू, तिथेच कोजागिरी, आणि तिथेच ह्यांचा रविवारचा मराठी वर्ग. हा वर्ग म्हणजे ह्यांचा जीव की प्राण. इथली मुलं घरी मराठी ऐकतात आणि उत्तर इंग्रजीत देतात. त्यांना हे एकेक करून उभं करायचे आणि म्हणायचे, "आज सकाळी काय खाल्लंस ते सांग." 'उपमा' एवढ्या एका शब्दावर अडणारं मूल वर्ष सरता सरता तो उपमा कुणी केला, त्यात मटार कुणाला नको होते आणि बाबांनी तो गुपचूप कुठे टाकला, इथपर्यंत सांगायला लागायचं. ह्यांना स्वतःला त्यातलं काय काय आवडायचं ते मला दुपारी जेवताना पुन्हा ऐकावं लागायचं.

पुन्हा ऐकावं लागायचं म्हणजे अक्षरशः. ह्यांच्याकडे एक रेकॉर्डर होता, अजून आहे. मुठीत मावेल एवढा, चांदीच्या रंगाचा, डोक्याला दोन बारीक जाळ्या आणि बटण दाबलं की लागणारा लाल दिवा. नोकरीत असताना कुठल्याशा परिसंवादाला बाहेरदेशी गेले होते, तिथून घेऊन आले. बरोबरचे लोक चॉकलेटं आणि अत्तरं घेऊन आले. मी बॅग उघडली तेव्हा मला वाटलं हा दाढीचा काहीतरी नवा प्रकार असेल. तेव्हापासून संस्थेतलं प्रत्येक व्याख्यान त्यात भरून यायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या कॉफीबरोबर आमच्या स्वयंपाकघरात वाजायचं. मी शाळेत गणित शिकवत असे, यंत्रांच्या कंपनांतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पण कोणते शास्त्रज्ञ बोलताना अडखळतात आणि कोण प्रश्नाचं उत्तर येत नसलं की "फार छान प्रश्न आहे" म्हणतात, ते मी ऐकून सांगू शकत असे. हे हसायचे. मग गंभीर होऊन म्हणायचे, "पहिल्यांदा ऐकताना माणूस आपल्याला हवं ते ऐकतो. दुसऱ्यांदा ऐकलं की समोरचा काय बोलला ते कळतं."

ह्या माणसाचं सगळं आयुष्य चाचण्या घेण्यात गेलं. यंत्र फिरवायचं, आकडे घ्यायचे, लिहायचे. एखादा आकडा वेडावाकडा आला तरी तो खोडून टाकायचा नाही, हा त्यांच्या विभागाचा धर्म. चुकीचा वाटला तर त्यावर एक बारीक रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे अशी, आणि शेजारी सही करायची. घरी मी कॅलेंडरवर दुधाचा खाडा चुकून लिहिला आणि गिरवून काळा केला तरी ह्यांना चालत नसे. "काय होतं ते दिसू दे ना," म्हणायचे. मला हा तऱ्हेवाईकपणा वाटायचा, आणि खरं सांगायचं तर थोडा अभिमानही वाटायचा.

तर मंडळातले राजीनामे. ते स्वीकारले कसे गेले नाहीत, ह्याचं उत्तर म्हणजे आमचे जुने चिटणीस. बँकेत होते, पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरातच वाढलेलं मराठी घराणं, त्यामुळे त्यांच्या तोंडी निम्मं कानडी. सगळ्यांना अण्णा नाहीतर अक्का. हे उभे राहून गरजले की चिटणीस जागचे न हलता ह्यांच्या सदऱ्याचं टोक धरून खाली ओढायचे. "अण्णा, कूतकोळ्ळी, बसा ओ. कॉफी गार व्हायलीय. राजीनामा पुढच्या वर्षी घेतो, सरी?" सगळे हसायचे. हेही दोन क्षण फुरफुरून खाली बसायचे. मग ज्या मुद्द्यावर भांडण पेटलं तो मुद्दा बहुतेकदा निम्मा ह्यांच्या मनासारखा सुटायचा, कारण एवढं ओरडतोय म्हणजे ह्याच्या जिवाला लागलंय हे सगळ्यांना कळलेलं असायचं. इतिवृत्तात चिटणीस एकच ओळ लिहायचे, 'सविस्तर चर्चा होऊन एकमताने ठरले.' त्या एका ओळीखाली किती आरडाओरडा, किती रुसवे आणि किती कॉफी दडलेली असायची!

ते चिटणीस गेले. दुपारी झोपले ते उठलेच नाहीत. बाकीचे जुने लोकही एकेक करून पांगले. कुणी पुण्याला मुलाकडे, कुणी परदेशी लेकीकडे, कुणाला आता जिना चढवत नाही. मंडळ मात्र रिकामं पडलं नाही. पुण्या-मुंबईहून, नागपुराहून आलेली तरुण जोडपी यायला लागली. मारतहळ्ळीत राहणारी, महादेवपुऱ्याच्या मोठमोठ्या काचेच्या ऑफिसांत काम करणारी. तिथून येलहंक्याला येणं म्हणजे सुटीच्या दिवशीसुद्धा एक प्रवासच, तरी गणपतीला ती येत, राबत, खुर्च्या उचलत, ताटं वाढत. फार चांगली मुलं. मी आधीच सांगून ठेवते, ह्या सगळ्या हकिगतीत वाईट असं कुणी नाही. असतं तर मला रागवायला तरी कुणी मिळालं असतं.

त्यांच्यातल्याच एका पुण्याच्या मुलीला नवी चिटणीस केलं. हुशार, नीटनेटकी, बोलणं भराभर. पहिली वार्षिक सभा यायच्या आधी ती आमच्याकडे आली आणि ह्यांना म्हणाली, "काका, मला मिनिट्स लिहायचं फार टेन्शन आलंय. सगळे एकदम बोलतात, कोण काय म्हणालं ते कॅप्चरच होत नाही." हे उठले आणि कपाटातून रेकॉर्डर घेऊन आले. जेवणाच्या टेबलावर बसून तिला एकेक बटण शिकवलं. टेबलाच्या मधोमध ठेवायचा, खाली रुमाल घालायचा म्हणजे कप आपटल्याचा आवाज कमी येतो, सुरुवातीला तारीख आणि विषय आपण बोलायचा. सेल नवे घालून दिले. "हा आता मंडळाचा," म्हणाले. "आणि एक लक्षात ठेव. आधी सगळं ऐकायचं, मग लिहायचं. मनाचं काही घालायचं नाही आणि कुणाची भीड धरून काही गाळायचं नाही." तिने मान डोलावली. तिने शब्द पाळला, एवढाच काय तो तिचा गुन्हा.

सभेत टेबलावर तो लाल दिवा लागला आणि हॉलची हवाच बदलली. एरवी "ए, तू गप रे" म्हणणारे गृहस्थ "सन्माननीय सदस्यांना माझी विनंती आहे" असं बोलायला लागले. जो तो आधी घसा साफ करायचा, मग त्या यंत्राकडे बघून बोलायचा, जणू पाहुणा तोच. मला हसू येत होतं. मी ह्यांच्या मागच्या ओळीत, बायकांत बसले होते.

मग वर्गाचा विषय निघाला. मारतहळ्ळीच्या एका वडिलांनी फार सभ्यपणे मांडलं की रविवारी सकाळी एवढ्या लांब मुलांना आणणं जमत नाही, वर्ग ऑनलाइन घ्यावा. दुसऱ्याने पुस्ती जोडली, अभ्यासक्रमही जरा अपडेट करता येईल. एक तरुण आई म्हणाली की काकांना स्क्रीन वगैरे जमत नसेल तर ती मदत करायला तयार आहे. ह्यांचे कान लाल झालेले मला मागूनच दिसले. हे म्हणाले, भाषा पडद्यात बघून येत नाही, मुलाला चार माणसांत उभं राहून बोलावं लागतं, अडखळावं लागतं, दुसरी मुलं हसावी लागतात. कुणीतरी म्हणालं, "काका, पॉइंट व्हॅलिड आहे, पण प्रॅक्टिकली..." आणि खुर्ची करकरली.

"तुम्हाला एवढं सगळं कळतंय, तर घ्या माझा राजीनामा! वर्गाचाही घ्या!"

कुणी हसलं नाही. कुणी सदरा ओढला नाही. ज्यांना ओढता आला असता त्यांच्यातले एक गृहस्थ तेवढे हॉलमध्ये होते आणि त्यांना हल्ली ऐकू कमी येतं. बाकी सगळी नवी मुलं एकदम गप्प झाली, काहींनी माना खाली घातल्या. हे थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग स्वतःच खाली बसले. अध्यक्ष पुढच्या विषयाकडे वळले.

दोन दिवसांनी सकाळी कॉफी पिताना ह्यांच्या फोनवर इतिवृत्त आलं. मंडळाच्या इतिहासात एवढं नेटकं इतिवृत्त झालं नव्हतं. रेकॉर्डरमधलं बोलणं हल्ली संगणक आपोआप टाइप करून देतो म्हणे. तिने ते पुन्हा पुन्हा ऐकून तपासलं होतं आणि प्रत्येक मुद्द्याखाली काय ठरलं आणि ते कुणी करायचं, असे दोन रकाने केले होते. हे कौतुकाने वाचत होते. "बघ, ह्याला म्हणतात काम," असं मला म्हणालेसुद्धा. आणि मग वाचता वाचता थांबले. मराठी वर्गाच्या मुद्द्याखाली लिहिलं होतं की ह्यांनी समितीचा आणि वर्गाच्या जबाबदारीचा राजीनामा दिला, त्यावर कोणीही हरकत घेतली नाही, सबब तो स्वीकारण्यात आला. वर्ग ह्यापुढे ऑनलाइन होईल आणि त्या तरुण आईने तयारी दाखवल्याप्रमाणे तो त्यांच्याकडे सोपवण्यात येत आहे. त्याखाली ह्यांच्या प्रदीर्घ सेवेबद्दल मंडळ कृतज्ञ आहे, असंही होतं.

मी हसले. खरंच हसले. मला वाटलं, काय वेडी पोर आहे, खरंच धरून चालली! मी म्हटलं, "अहो, फोन करा तिला." ह्यांनी फोन टेबलावर पालथा ठेवला आणि कॉफी तशीच सोडून ते बागेतल्या कुंड्यांना पाणी घालायला गेले. सकाळी मी घातलेलं होतं. मी ते सांगितलं नाही.

फोन मीच केला, आणि ती संध्याकाळी ऑफिसमधून थेट आली, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र तसंच. डोळ्यांत पाणी. "काका, आय अ‍ॅम सो सॉरी. मला वाटलं तुम्ही सिरियसली डिसाइड केलंय. आमच्याकडे कुणी मीटिंगमध्ये 'मी स्टेप डाउन करतोय' म्हणालं ना, तर कुणी अडवत नाही. त्याचा डिसिजन असतो, रिस्पेक्ट करायचा असतो. सगळे शांत बसले, मला वाटलं सगळ्यांना आधीच माहीत असणार. तुमच्या वयाच्या माणसाला मध्येच 'बसा' कसं म्हणणार होतो आम्ही?"

मी तिला पाणी दिलं. ह्या पोरीला कुणी सांगितलंच नव्हतं. कोण सांगणार? असल्या गोष्टी कुणी सांगत नाही, त्या माणसांबरोबर राहून कळतात, आणि ज्यांच्याकडून त्या कळायच्या ती माणसं निघून गेली होती.

"मी आजच रिव्हाइज करते," ती म्हणाली. "ते वाक्यच काढून टाकते. रेकॉर्डिंगपण डिलीट करते. नवीन मिनिट्स पाठवते, कुणी विचारणार नाही."

"आणलायस का तो?" ह्यांनी विचारलं.

तिने पर्समधून रेकॉर्डर काढून दिला. ह्यांनी सवयीने, बघावंही न लागता, बोटांनी बटणं दाबत राजीनाम्याची ती जागा शोधली. आम्ही तिघं जेवणाच्या टेबलाशी बसून ऐकायला लागलो. मला वाटलं होतं, ह्यांचा आवाज फार मोठा वाटेल, ऐकून हे ओशाळतील आणि आपण हसून विषय मिटवू. आवाज मोठा होताच. 'वर्गाचाही घ्या!' आणि त्यानंतर काहीच नाही.

म्हणजे काहीच नाही असं नव्हे. वरचा पंखा घरघरत होता. खालच्या रस्त्यावर बस दोनदा हॉर्न देऊन गेली. कुणीतरी बशीत कप अलगद ठेवला. माझ्या बांगड्या वाजल्या, त्या मी ओळखल्या, मी पदर सावरला होता तेव्हा. हॉलमध्ये तो वेळ क्षणभराचा वाटला होता. इथे, टेबलावर, काउंटरवरचे आकडे पुढे पुढे सरकत राहिले आणि ते थांबेचनात. एवढी माणसं बसलेली आणि त्यात एक म्हातारा उभा, कुणीतरी बसा म्हणेल म्हणून वाट बघत. मी मागेच होते. हात लांब केला असता तर त्यांच्या पाठीला लागला असता. चारचौघांत नवऱ्याला बसा कसं म्हणावं असं वाटलं म्हणून, की त्यांच्या आरडाओरड्याचा मलाच कंटाळा आला होता म्हणून मी हात लांब केला नाही, ते आता नक्की सांगता येत नाही. शेवटी खुर्ची सरकल्याचा अगदी बारीक आवाज आला, आणि अध्यक्षांचा, "बरं, पुढचा विषय."

ह्यांनी बटण दाबलं. चिटणीस मुलगी रडायचीच बाकी होती.

"काढून टाकू ना, काका?"

"नाही," ते म्हणाले. "मी बोललोय ते. हरकत कुणी घेतली नाही, हेही खरं आहे. तू लिहिलंस त्यात चूक काय आहे दाखव मला." तिने रेकॉर्डरकडे बघितलं. "मीच सांगितलं होतं, गाळायचं नाही म्हणून. माझं वाक्य आलं की गाळायचं, असं नव्हतो म्हणालो."

मी चिडले. तिच्यासमोरच म्हटलं, "कसली तत्त्वं घेऊन बसलात! ही काय यंत्राची चाचणी आहे?" ते माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त रेकॉर्डर पुसून, लहान मुलाचं तोंड पुसावं तसा, तिच्या हातात परत दिला आणि विचारलं, "उशीर झाला असेल तुला. जाशील कशी? रिंग रोडला ह्या वेळी गर्दी असते."

तरी मला आशा होती. आठवडाभरात कुणीतरी येईल, दाराशी उभं राहून म्हणेल, अण्णा, पुरे झालं हे, या रविवारी. अध्यक्षांचा फोन आला, तो सत्काराचं विचारायला. मंडळात कुणी पद सोडलं की शाल, श्रीफळ द्यायची पद्धत आहे. ह्या नव्या मुलांना ती पद्धत मात्र कुणीतरी बरोबर सांगितली होती. गणपतीत, भरल्या हॉलमध्ये ह्यांच्या खांद्यावर शाल घातली. वर्गातल्या मुलांनी एकेक वाक्य बोलून दाखवलं. चांगलं बोलली. हे हसत होते, प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवत होते. एकदा शाल पांघरली की माणूस गेलाच. त्यानंतर त्याला पुन्हा बोलवायचं म्हणजे ती शाल परत मागण्यासारखंच आहे.

त्यानंतरचे रविवार वाईट गेले. हे नेहमीच्याच वेळी आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून बसायचे. सवय, म्हणायचे. पेपर वाचून झाला की भाजीला जायचे. आमच्या कोपऱ्यावरची भाजीवाली ह्यांना 'सर'च्या ऐवजी सार म्हणते, तिने एकदा मला विचारलं, "अक्का, सार पोरांना शिकवायला जात नाहीत का आता?" मी म्हटलं, स्वल्प विश्रांती घेतायत. दुपारच्या जेवणाला बोलायला काही नसायचं. कुणाच्या उपम्यात काय होतं ते मला कळेनासं झालं. ज्या गोष्टींना मी वर्षानुवर्षं वैतागले होते त्यांची मला इतकी आठवण येईल, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

ऑनलाइन वर्ग सुरुवातीला बरा चालला. ती तरुण आई मनापासून करत होती, चित्रं दाखवायची, खेळ घ्यायची. ती अधूनमधून ह्यांना फोन करून विचारायची आणि हे तिला सगळं समजावून सांगायचे. कधी कुठली कुत्सित छटा नाही. मग मुलांच्या परीक्षा आल्या, मग तिच्या ऑफिसच्या वेळा बदलल्या, मग मुलं कॅमेरा बंद करून बसायला लागली.

ह्या वर्षीच्या वार्षिक सभेला जाऊ नये असं मला वाटत होतं. हे म्हणाले, सभासद आहोत, जायला हवं. ते शेवटच्या ओळीत बसले, मी शेजारी. पहिल्यांदाच आम्ही सभेत शेजारी बसलो. टेबलावर खाली रुमाल घालून रेकॉर्डर ठेवलेला, लाल दिवा लागलेला. विषय वाचत वाचत अध्यक्ष म्हणाले, "मराठी वर्ग. प्रतिसादाअभावी तूर्त बंद करावा, असा प्रस्ताव आहे." आणि सगळ्या हॉलने मागे वळून बघितलं. कुणी ठरवून वळलं नव्हतं. मला वाटतं त्या सगळ्यांनाही आत कुठेतरी हवं होतं की ह्यांनी उठावं.

तेव्हा चिटणीस मुलीने एक गोष्ट केली. तिने हात पुढे करून रेकॉर्डर उचलला आणि बंद केला. लाल दिवा विझला. तिने तो मांडीवर घेतला आणि सरळ ह्यांच्याकडे बघितलं. वर्षभरात ती पोर शिकली होती. मी मनातल्या मनात म्हणत होते, उठा, ओरडा, काय वाट्टेल ते बोला, ह्या वेळी मी धरते तुमचा सदरा, सगळ्यांदेखत धरते.

हे उठले. सावकाश उठले, खुर्ची वाजलीसुद्धा नाही.

"चालू कर तो," ते तिला म्हणाले, मऊ आवाजात. तिने मान हलवून नको म्हटलं. "कर चालू. नोंद राहू दे." तिने बटण दाबेपर्यंत ते थांबले, दिवा लागल्याचं त्यांनी बघून घेतलं आणि मग स्पष्ट, हॉलच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "माझी हरकत नाही." आणि बसले.

एकमताने ठरलं. ह्या वेळी ते खरंच एकमत होतं.

परतताना आम्ही रिक्षा केली. मला राहवलं नाही. "भांडायचं होतंत," मी म्हटलं. "तिने बंदसुद्धा केला होता तो तुमच्यासाठी."

ते बाहेर बघत होते. "कुणाशी भांडू?" म्हणाले. "अगं, चांगली माणसं आहेत ती. मी ओरडलो असतो, तर पुन्हा सगळ्यांनी शांतपणे, आदराने ऐकून घेतलं असतं."